झिंक प्लेटिंगमध्ये पाणी कमी कसं करायचं? आरओ लावू का?

भोसरीकर_७
मंडळी, भोसरी एमआयडीसीत छोटं झिंक प्लेटिंग युनिट आहे आमचं. प्रत्येक बाथनंतर (केमिकलची टाकी) माल धुवायची एकच टाकी, तिचा व्हॉल्व्ह दिवसभर चालू (जेवणाच्या सुट्टीतपण!) आणि सगळं पाणी थेट ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट). उन्हाळ्यात टँकर, वर स्लजचं (ईटीपीत उरणाऱ्या गाळाचं) बिल. शेठ म्हणतात आरओ लावू आणि तेच पाणी फिरवू. कुणी लावलाय का, परवडतो का?

चाकण_थर्ड_शिफ्ट
कोटेशन आधी बाजूला ठेवा दादा. एका टाकीच्या दोन करा, नवीन पाणी शेवटच्या टाकीत सोडायचं आणि तिचा ओव्हरफ्लो मागच्या टाकीत, म्हणजे जॉब (प्लेटिंगचा माल) पुढं जातो आणि पाणी उलटं मागं येतं. समजा जॉबला चिकटून तासाला 1 लिटर केमिकल बाहेर येतंय आणि ते हजारपट पातळ करायचंय, तर एका टाकीला 1000 लिटर लागतात, अशा दोन टाक्यांना साधारण 32 आणि तिनांना 10. हा कागदावरचा हिशोब, शॉपवर पाणी नीट घुसळत नाही म्हणून एवढं मिळत नाही, तरी फरक दणदणीत पडतो.
आणि जिग (जॉब अडकवायची चौकट) बाथवरच निथळू द्या. पीसरेटवरचा हेल्पर हातात धरून थांबणार नाहीये, टाकीवर आडवा पाईप लावा अडकवायला. खोलगट जॉब तिरके लावा, उताणे ठेवले तर केमिकल भरून आणतात, उपडे ठेवले तर हवा अडकून आत प्लेटिंगच बसत नाही.

ईटीपीवाला
+१. आरओवाले रिजेक्टचं (आरओतून उरणारं खारट पाणी) कुणी बोलत नाहीत. ते परत ईटीपीत घातलं की टीडीएस (विरघळलेले क्षार) चढत जातो, मग इव्हॅपोरेटर (पाणी आटवायचं मशीन) घ्या आणि त्याचं वीजबिल भरा.
पण पाणी कमी केलं की ईटीपीला येणारं पाणी जास्त तीव्र येतं हेपण लक्षात ठेवा, जार टेस्ट (भांड्यात छोटी चाचणी) करून डोसिंग (केमिकल किती घालायचं ते) परत ठरवा. पॅसिव्हेशन (झिंकवरचा क्रोमचा शेवटचा थर) हेक्साव्हॅलंट, म्हणजे विषारी क्रोमियमचं असेल तर ते पाणी वेगळंच ठेवा, आधी पीएच 2-3 ला आणून ते क्रोमियम मोडायला मेटाबायसल्फाइट, मगच पुढं ईटीपीत. पीएच चढवायला चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा घातला तर स्लज कमी पडतो पण बसायला नाटकं करतो. रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला पाठवताना पैसे वजनावर असतात, ओला स्लज म्हणजे पाण्याला ट्रकनं फिरवून आणणं. शेडखाली वाळवा, फक्त 90 दिवसांच्या वर साठवू नका.

भोसरीकर_७
भारी माहिती! पण दुसऱ्या टाकीला जागाच नाही हो, भिंतीला भिंत लागलीय. आणि निकेलवाले धुवायचं पाणी बाथमध्येच परत टाकतात ना, तसं करू का?

चाकण_थर्ड_शिफ्ट
निकेलची बाथ गरम असते, पाणी उडून जागा होते म्हणून त्यांना जमतं, तुमची झिंक जवळपास गारच, त्यात किती मावणार. जागा नसेल तर आहे त्याच टाकीत पीपीचं (प्लास्टिक) पार्टिशन टाका, आधी जिगचं माप घ्या, अर्ध्या भागात मावलं म्हणजे झालं. आणि त्याच्याही आधी प्रत्येक धुवायच्या टाकीच्या लाईनला मीटर बसवा, शेठना आकडा दाखवल्याशिवाय पार्टिशनचेपण पैसे सुटणार नाहीत 😄