इलेक्ट्रॉनिक ड्रम : घरच्या सरावासाठी आवाज सुधारायचाय, काय घेऊ? (घणसोली)

तिहाई
मंडळी, मेश (जाळीच्या) पॅडचा साधा इलेक्ट्रॉनिक किट आहे, सहाव्या मजल्यावर. हेडफोनमध्ये स्नेअर (समोरचा मुख्य ड्रम) पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो आणि किक (पायाच्या पेडलने वाजणारा खर्जाचा ड्रम) ऐकूच येत नाही. खालच्या काकूंना मात्र नेमकी तीच ऐकू येते! रबर मॅट टाकून झाली. बजेट 15 हजार. नवं मॉड्यूल (किटचा आवाज तयार करणारा डबा) घेऊ की अ‍ॅम्प?

चावीवाला
दोन्ही नको. आधी हेडफोन बघा. मोबाइलच्या इअरफोनवर किकचा खर्ज येतच नाही. कान पूर्ण झाकणारा, क्लोज्ड-बॅक, वायरचा घ्या. ब्लूटूथवर आवाज 100-200 मिलिसेकंद मागे पडतो, लय गेलीच समजा. मॉड्यूलला 6.35 मिमीचं भोक असेल तर कन्व्हर्टर स्टिरिओच घ्या, मोनो घेतलात तर एकाच कानात वाजेल.

मग स्नेअरची जाळी. मधोमध मारल्यावर दणका आणि कडेला फुसका आवाज येत असेल तर ती सैल आहे : काठी आतल्या सेन्सरच्या कोनावर थेट आदळते. चावीने समोरासमोरचे स्क्रू पाव-पाव फेरा आवळा. एकच बाजू आवळत गेलात तर ताण वाकडा बसतो. त्यानंतर मॉड्यूलमधला रिव्हर्ब (घुमारा) बंद करून ऐका. निम्मा डबा तिथेच जातो.

लॅपटॉप असेल तर यूएसबीने जोडून ड्रम सॉफ्टवेअर वाजवा, मॉड्यूल बदलण्यापेक्षा फरक जास्त पडतो. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) हवा. 44.1 किलोहर्ट्झला बफर (एका वेळी साठवायचे आवाजाचे नमुने) 128 ठेवला तर उशीर साधारण 3 मिलिसेकंद, 512 ला 12 च्या आसपास. तो हाताला जाणवतो.

धपधप
काकूंचं मी सांगतो. त्यांना आवाज नाही, पेडलचा धक्का पोचतोय, स्लॅबमधून. मॅट पातळ असते, टकटक अडवते, धप्प अडवत नाही.

18 मिमी प्लायची 8×4 फुटांची शीट आणा, दुकानातच मधोमध कापून घ्या. खालच्या तुकड्याला 2 इंची होल-सॉने (गोल भोक पाडणारी करवत) 16 भोकं पाडा, प्रत्येकात टेनिस बॉल, वर दुसरा तुकडा, त्यावर जुनी सतरंजी. पेडलखाली बॉल दाट ठेवा. 12 मिमी घेऊ नका, पायाखाली वाकतं. आणि प्लाय भिंतीला टेकू देऊ नका, धक्का तिथून उतरतो. स्टूल बाहेर राहिलं तरी चालेल.

तिहाई
बॉक्स क्रिकेटचे बॉल पडलेत घरी. चालतील?

धपधप
ते हेवी असतील तर नाही. त्यांचं रबर जाड, दबतच नाहीत. लॉन टेनिसचे वापरलेले स्वस्तात मिळतात, तेच आणा. अंगठ्याने दाबून बघा : सगळे सारखे दबले पाहिजेत, नाहीतर फळी डुगडुगते आणि हाय-हॅटचं (जोडझांजेचं) पेडल सरकत राहतं.