तारणाची 'खात्री' की 'भरवसा'?

फतेगंजकर: बडोद्यातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीसाठी पत्रक करतोय, मथळा 'तारणाची खात्री', म्हणजे देवाने आपल्याला पापातून सोडवलंय याची. एका वयस्कर बाईंना विचारलं, "आजी, तारणाची खात्री आहे ना?" म्हणाल्या, "मी कोण बाई खात्री देणार? ते त्याच्या हातात." मग म्हटलं, येशूवर भरवसा? तर चटकन, "तो नसता तर एवढी वर्षं निघाली असती का?" मथळा बदलावा का? 'निश्चिती' कसं?

रावपुरा: निश्चिती नको, लग्न ठरल्यासारखं वाटतं. आजींचं मराठी पक्कं आहे. खात्री कशाची तरी असते, भरवसा कोणावर तरी. खात्री पटते, होते, करून घेता येते. भरवसा ठेवावा लागतो. बायबलातल्या इब्री ११:१ मध्ये मात्र दोन्ही आहेत : आशा धरलेल्या गोष्टींविषयी भरवसा, न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल खातरी. या खातरीच्या मुळाशी अरबी 'खातिर', म्हणजे मन. 'खातरजमा' म्हणजे मन ठिकाणावर येणं, निर्धास्त होणं. आज खातरजमा म्हटलं की कागद तपासणं आलं. आपला विश्वास खरा की खोटा हे रोज उठून तपासणाऱ्यांची तीच गत होते. तपास चालूच, मन जमा होत नाही ते नाहीच.

दांडियाबाजार: भरवशाच्या म्हशीला टोणगा!

रावपुरा: म्हैस कोणाची त्यावर आहे.

वाडीकर: दोघांपेक्षा नेमका शब्द शास्त्रातच पडून आहे : विसार. २ करिंथ १:२२ आणि इफिस १:१४ पाहा, पवित्र आत्म्याला विसार म्हटलंय. मूळ ग्रीक 'अर्राबोन' हा बाजारातलाच शब्द. घराचा सौदा ठरला की घेणारा थोडी रक्कम आधी देतो, उरलेली नंतर. मागे फिरला तर सहसा ती बुडते. इथे विसार देणारा देव आहे, म्हणजे शब्द त्याचा अडकलाय, आपला नाही. प्रार्थनेत आज मन लागलं नाही म्हणून पावती रद्द होत नाही. बडोद्यातल्या पोरांना 'विसार' कळणार नाही, पण गुजरातीतलं 'बानुं' (विसार) आणि 'बानाखत' (त्याचा करार) घराघरात ठाऊक आहे. तळटीप द्या.

फतेगंजकर: हे आवडलं. पण ज्यांना आतून कधी काही जाणवतच नाही, त्यांचं काय? आमच्यात असे दोघं-तिघं आहेत, बिचारे गप्प बसतात.

वाडीकर: १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या एका जुन्या श्रद्धापत्रात, अठरावं प्रकरण याच विषयावर आहे. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी पुष्कळ वाट पाहावी लागू शकते, असं त्यात स्पष्ट आहे. मेथडिस्ट पंथ सुरू करणारा जॉन वेस्ली १७२८ मध्ये पाळक झाला आणि ख्रिस्तावर भरवसा असल्याची जाणीव त्याला झाली २४ मे १७३८ ला, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत. दहा वर्षं पाळक! तुमच्या दोघा-तिघांना हे जरूर सांगा.

कॅथलिक_बडोदा: आमच्याकडे 'खात्री' जरा खटकते. ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने, १५४७ मध्ये म्हटलं की आपल्याला कृपा लाभली आहे हे चूक होऊच न शकणाऱ्या खात्रीने कोणी जाणू शकत नाही. आम्ही 'आशा' म्हणतो. आजी आमच्या चर्चमध्येही चालल्या असत्या.

रावपुरा: पण १ योहान ५:१३ 'कळावे' म्हणतो. सार्वकालिक जीवन आहे हे कळावं म्हणून लिहिलं, असं.

कॅथलिक_बडोदा: कळावं, हो. हमीपत्र मिळावं असं नाही म्हटलं. 'हमी' तेवढी मथळ्यात घालू नका, विमा कंपनीची जाहिरात होईल.

फतेगंजकर: मग मथळा 'कोणावर भरवसा?', आत विसार, खाली टीप 'बानुं'. एकच राहिलं : शास्त्रात 'खातरी' आहे, आपण 'खात्री' लिहितो. कोणतं ठेवू?

रावपुरा: वचन उतरवताना खातरी, बाकी सगळीकडे खात्री. आणि छापण्याआधी आजींकडून एकदा वाचून घ्या.