कामाच्या वेळेत मोबाईल आणि इंटरनेट: मालकाने कुठपर्यंत अडवावं?

हिशेबनीस, कुपवाड (धागा सुरू करणारा)

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो. अलीकडे आमच्याकडे नवा नियम आलाय. गेटवर खणांची पेटी आहे, आत शिरताना मोबाईल तिथे जमा करायचा. ऑफिसातल्या संगणकांवर यूट्यूब, फेसबुक, व्हॉट्सॲप वेब बंद. इथवर एक वेळ समजू शकतो. पण दर शनिवारी कोणाच्या संगणकावरून कुठली साइट उघडली याची यादी नावानिशी नोटीस बोर्डावर लागते. मागच्या यादीत एका बाईंच्या नावापुढे वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या दवाखान्याची साइट होती. सगळ्या शॉपने, म्हणजे मशीनवरच्या माणसांनीसुद्धा, ती वाचली. त्या बाई तेव्हापासून रजेवर आहेत.

मशीनवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात मोबाईल नकोच, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. लेथच्या फिरत्या चकमध्ये बाही अडकायला किती वेळ लागतो? पण टेबलावरच्या माणसाचं माप त्याच्या कामावरून घ्या. एंट्री वेळेत झाल्या का, जीएसटीचं रिटर्न तारखेआधी गेलं का, येणी वसूल झाली का, हे बघा. मधे त्याने पाच मिनिटं काय बघितलं यावर पाळत ठेवून काय मिळतं?

पेटीने कामही अडतं. माल गाडीने पाठवताना ई-वे बिल लागतं. त्याच्या पोर्टलला लॉगिन करताना नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, आणि तो नंबर माझा आहे. माल भरून गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि मी वॉचमनला शोधतोय, कारण पेटीची किल्ली त्याच्याकडे. शिवाय पावसाळ्याचं काय करायचं? सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ वर धोका पातळी. कोयना धरणातून विसर्ग वाढला की सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगर या पुराच्या वस्त्यांतली माणसं तासातासाला पातळी बघणारच. २०१९ मध्ये ज्यांचं घर पाण्यात गेलं, त्यांना तुम्ही मोबाईल पेटीत टाकायला सांगणार?

कारखानदार, मिरज एमआयडीसी

हिशेबनीस, यादी बोर्डावर लावणं चूक आहे, त्यावर वाद नाही. बाकीचं मात्र पटलं नाही. मी पगार आठ तासांचा देतो आणि पाच मिनिटांची पाच मिनिटं कधी राहत नाहीत. एक रील संपली की दुसरी आपोआप सुरू होते.

माझ्या पॅकिंगच्या पोराच्या कानात इअरफोन होता, मॅच चालू होती. बुश या मशीनच्या छोट्या भागाच्या खोक्यांवर त्याने लेबलं अदलाबदल करून लावली. ग्राहकाने सगळी लॉट परत पाठवली. जाण्यायेण्याचं भाडं माझ्या अंगावर, वर डेबिट नोट, म्हणजे बिलातून वजावट. तुम्ही म्हणता काम मोजा. डिस्पॅचवाल्याचं काम कसं मोजायचं ते सांगा ना. चूक कळते तेव्हा माल गेलेला असतो. आणि ओटीपीसाठी कंपनीचं सिम घातलेला साधा फोन टेबलावर ठेवायचा. त्यासाठी सगळ्यांच्या खिशात स्मार्टफोन कशाला?

सीएनसी ऑपरेटर, माधवनगर

साहेब, तुमचं बुशचं खरं आहे. पण दुसरी बाजू पण बघा की. रात्री साडेनऊला प्रॉडक्शनच्या ग्रुपवर मेसेज येतोय, "उद्या सहाला या, सेटिंग बदलायचंय". निळी टिक दिसली आणि उत्तर दिलं नाही तर सकाळी सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतंय. फोन माझा, रिचार्ज माझा, जेवणाची वेळ पण माझीच. कामाच्या वेळेत घरचं आणू नका म्हणायचं असेल तर घरच्या वेळेत काम पण आणू नका.

अजून एक. मशीनला अलार्म आला की मी तो नंबर टाकून इंटरनेटवर बघतोय. दहातल्या कितीतरी वेळा तिथंच उपाय सापडतोय. सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून येईपर्यंत मशीन बंद ठेवायचं का? मशीन थांबवून, बाजूला जाऊन बघतोय, हे पण सांगतो.

नेटवर्कवाला, विश्रामबाग

ही कामं मी रोज करतो म्हणून लिहितो. बहुतेक साइट आता एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर सांकेतिक करून, चालतात. राउटरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, साइटचं नाव आणि वेळ दिसते, त्या पानावर काय वाचलं ते दिसत नाही. पण नावच पुरतं, हे त्या दवाखान्यावरून कळलंच. एखादी टॅब मागे उघडी राहिली तरी ती साइट पुन्हा पुन्हा लॉगमध्ये येत राहते. म्हणजे "किती वेळा उघडली" हा आकडा माणसाने घालवलेला वेळ दाखवतच नाही. त्यावर कोणी पगार कापत असेल तर ते साफ चुकीचं.

लॉग ठेवू नका असं मात्र मी म्हणणार नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळायचे आहेत. ते हल्ला झाला तर तपासाला उपयोगी पडावेत म्हणून. अशा हल्ल्यात टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा लॉक होऊन बसलेली ऑफिसं मी बघितली आहेत. खाजगी मेलमधली फाइल कामाच्या संगणकावर उघडली की दार उघडंच. म्हणून माणसांच्या मोबाईलसाठी वेगळं गेस्ट वायफाय द्या, ते टॅलीच्या नेटवर्कला जोडूच नका. साधारण बऱ्या राउटरमध्ये ही सोय असते.

अडत दुकानवाला, मार्केट यार्ड, सांगली

तुमचा सगळ्यांचा वाद वेळेचा चाललाय. आमच्या धंद्यात वेळ गेला तर परवडतो, माहिती गेली तर नाही. हळदीच्या सौद्यात माझा खरेदीदार कुठपर्यंत चढणार हे वहीतल्या एका पानावर असतं. त्या पानाचा फोटो काढून दुसऱ्या पेढीला पाठवायला किती वेळ लागतो? माझ्याकडे हे घडलंय. तेव्हा खाजगीपणा वगैरे मान्य, पण दुकानाच्या संगणकावर माझी नजर राहणारच. तो संगणक माझा आहे.

वकील, सातारा

अडतवाले, तुमच्या भीतीला कायद्यात जागा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी, आणि धंद्याची गुपितं फुटणं यांसारख्या नुकसानीपासून मालकाला वाचवण्यासाठी माहिती वापरण्याची तरतूद आहे. पण त्यातून बोर्डावर यादी लावण्याची मुभा निघत नाही. गुपितं सांभाळण्याशी त्या बाईंच्या उपचारांचा काय संबंध? पुट्टस्वामी खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहे हे खरं, तरी नोकरीवर आलं म्हणून माणूस तो गेटवर ठेवून येतो असं मी मानत नाही.

त्याच वर्षी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात रोमानियातल्या बार्बुलेस्कू नावाच्या इंजिनिअरचा निकाल लागला. कंपनीच्या कामासाठी उघडलेल्या मेसेंजरवर तो भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलला. कंपनीने ते संदेश उतरवून घेतले आणि त्याला काढलं. खाजगी वापराला बंदी आहे हे त्याला माहीत होतं, तरीही ११ विरुद्ध ६ मतांनी तो जिंकला. कोण, काय, किती खोलवर बघणार आहे हे त्याला आधी सांगितलेलं नव्हतं, हे त्या निकालात फार महत्त्वाचं ठरलं. आपल्यावर तो बंधनकारक नाही, पण विचार करण्याजोगा आहे. आणि एक इशारा: माणसाच्या स्वतःच्या फोनमध्ये त्याच्या परवानगीशिवाय पाळत ठेवणारं ॲप टाकलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ लागू शकतं.

क्लार्क, गावभाग

दादा लोकांनो, माझं पोर चौथीत आहे. शाळेची व्हॅन चुकली तर शाळेतून फोन मला येतो, साहेबांना नाही. ऑफिसच्या लँडलाइनवर करा म्हणतात, ती कधी उचलली जाते का? मी मोबाईल ड्रॉवरमध्ये, आवाज चालू ठेवून ठेवते. एवढा विश्वास ठेवायला काय हरकत आहे?

कारखानदार, मिरज एमआयडीसी

ताई, शाळेच्या फोनला कोणी नाही म्हणत नाही. ऑपरेटर दादाचं रात्रीच्या मेसेजचं लागलं मला. आमच्या ग्रुपवरही तसंच चालतं, ते थांबवतो. पण पॅकिंग आणि शॉपवर मोबाईल नाही म्हणजे नाही. तिथं मी सूट देणार नाही, कोणी कितीही कायदे सांगा. कामगाराचं बोट गेलं तर त्याच्या घरी मलाच जावं लागतं.

हिशेबनीस, कुपवाड

शॉपवरच्या बंदीबाबत मी तुमच्याच बाजूचा आहे साहेब. ऑफिसच्या पेटीला माझा विरोध कायम. सोमवारी आमच्या साहेबांकडे लेखी देतोय: यादी आजच उतरवा आणि त्या बाईंना स्वतः भेटून माफी मागा, ई-वे बिलासाठी कंपनीचं सिम घ्या, लॉग कोण बघणार ते मराठीत लिहून प्रत्येकाची सही घ्या आणि मॅनेजरांचे संगणकही त्याच नियमात आणा. शेवटच्या मुद्द्यावर ते अडतील असं वाटतंय. वकील साहेब, तो कागद तुम्हाला पाठवला तर एकदा नजरेखालून घालाल का?