मदत हवी आहे: स्वित्झर्लंडला, झुरिकला जायचं आहे, नागपूरहून निघण्याआधी काय काय करू?

मनीषनगरकर

नमस्कार मंडळी, घाईत लिहून राहिले आहे, सांभाळून घ्या. झुरिकची ऑफर आली आहे, ९५ हजारांची, आणि कंपनीला शुक्रवारपर्यंत हो की नाही सांगायचं आहे. तिथे सगळं फार महाग आहे असं जो तो सांगतो पण नक्की किती आणि कशात ते कोणी सांगत नाही. यूट्यूबवर सगळे बर्फाचे डोंगर दाखवतात. मला एवढंच सांगा की एवढ्यात घर चालेल का, इथून काय न्यायचं आणि काय नाही, आणि जाण्याआधी कोणती कामं उरकायची. मुलगी लहान आहे. पाळणाघराचे आकडे ऐकून तर झोप उडाली आहे. लवकर उत्तर द्या प्लीज.

बजाजनगर७८

९५ हजार म्हणजे रुपये का? महिन्याला?

मनीषनगरकर

फ्रँक हो. वर्षाला.

तेलंगखेडी

अभिनंदन ताई! मिस्टर कुठल्या कंपनीत आहेत? माझ्या भाच्याला दुबईची ऑफर होती, तिथे टॅक्स नाही, पगार पूर्ण हातात पडतो, शिवाय चार तासांत घरी. दुबईचाही विचार करा, आपले लोकही खूप आहेत.

मनीषनगरकर

ऑफर मला आहे, मिस्टरांना नाही. ते सिव्हिल इंजिनिअर आहेत, इथे स्वतःचं छोटं ऑफिस आहे, ते सोबत येणार. आणि दुबईचं मी विचारलं नव्हतं.

झुरिकला१२वर्षं

ताई, आधी हे सांगा, त्याशिवाय कोणीही काहीही सांगितलं तरी उपयोग नाही. १) तुमची इथलीच कंपनी डेप्युटेशनवर पाठवते आहे की तिथल्या कंपनीचं थेट कॉन्ट्रॅक्ट आहे? २) ९५ हजार बारा पगारात की तेरा पगारात? ३) मुलीची जन्मतारीख काय? "लहान आहे" म्हणून चालत नाही, तारखेवर हजारो फ्रँकचा फरक पडतो. ४) कंपनी सुरुवातीला राहायला जागा देते आहे का?

वऱ्हाडी_माणूस

काहून जाऊन राहिले बाप्पा सगळे बाहेर? मिहानमधल्या कंपन्या इथंच नागपुरात आहेत, आईवडील इथं आहेत. ९५ हजार फ्रँकचे रुपये करून पाहता आणि खूश होता, पण खर्चही फ्रँकमध्येच होतो. माझा मुलगा सहा वर्षं बाहेर आहे, त्याच्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी एकटाच धावपळ करून राहिलो होतो. जा, पण घरच्यांचं काय करणार ते आधी ठरवा.

बजाजनगर७८

काका तुमचं दुःख समजतं, पण ताईंनी जाऊ का नको हे विचारलेलं नाही. आणि आता भारत आणि एफ्टा देशांचा (स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे चार देशांचा गट) करार झाला आहे, ऑक्टोबर २०२५ पासून लागूही झाला, त्यामुळे व्हिसा आता एकदम सोपा झाला असेल.

बासेलकर

नाही हो, कृपया असं पसरवू नका. तो मुख्यतः व्यापार आणि गुंतवणुकीचा करार आहे. युरोपियन युनियन आणि एफ्टाबाहेरच्या लोकांसाठी कोटा तसाच आहे, वर्षाला एकूण ८५०० परवाने, त्यात बी परमिट (जास्त काळ राहण्याचं) ४५०० आणि एल परमिट (थोड्या काळाचं) ४०००. कंपनीला तुमच्यासाठी अर्ज करून तो मंजूर करून घ्यावाच लागतो. मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय इथली नोकरी सोडू नका, घराचा भाडेकरार मोडू नका.

मनीषनगरकर

थेट तिथल्या कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट आहे. तेरा पगार. पहिले दोन महिने कंपनी सर्व्हिस अपार्टमेंट देते. जॉइनिंग १ जून. मुलगी १८ जुलैला ४ वर्षांची होईल. हे सगळं लिहायचं असतं हे माहीत नव्हतं.

झुरिकला१२वर्षं

मग ताई, तुमची पाळणाघराची अर्धी काळजी मिटली! झुरिक कॅन्टनमध्ये (कॅन्टन म्हणजे तिथलं राज्य) ३१ जुलैपर्यंत ज्या मुलाला ४ वर्षं पूर्ण होतात ते ऑगस्टपासून किंडरगार्टनला जातं, ते सक्तीचं आहे आणि सरकारी शाळेत पूर्ण फुकट आहे. तिचा वाढदिवस दोन आठवडे उशिरा असता तर आणखी एक वर्ष पाळणाघर, आणि त्याचा दर दिवसाला १२० ते १५० फ्रँक, म्हणजे रोज ठेवलं तर महिन्याला अडीच-तीन हजार. एका पगारात ते झेपलंच नसतं. किंडरगार्टन अर्धा दिवस असतं, दुपारचं जेवण आणि नंतरचा वेळ याचे वेगळे पैसे पडतात पण ते खूपच कमी.

आता पगार. ९५ भागिले १३ म्हणजे महिना ७३०० च्या आसपास. त्यातून म्हातारपण-अपंगत्व विमा ५.३ टक्के, बेकारी विमा १.१ टक्के, मग पेन्शन फंड, अपघात विमा, आणि बी परमिटवाल्यांचा टॅक्स पगारातूनच कापला जातो. हातात साधारण सहा ते सव्वासहा हजार धरा. आरोग्य विमा यातून कापत नाहीत, तो आपण वेगळा भरायचा, तिथेच लोक फसतात. दोघांचे प्रत्येकी साडेतीनशे-चारशे, मुलीचे शंभर-सव्वाशे. साडेतीन खोल्यांचं घर, म्हणजे आपल्या भाषेत टू बीएचके, कारण हॉलही खोली म्हणून मोजतात, शहरात अडीच हजारांच्या खाली मिळालं तर नशीब समजा. किराणा जपून केला तर आठशे-हजार. घर चालेल, पण मिस्टरांना काम लागेपर्यंत शिल्लक फारशी पडणार नाही, हे आत्ताच मनाशी धरून ठेवा.

पाटणकर_चौक

घर मिळणं हे पैशांपेक्षा कठीण आहे. झुरिक शहरात २०२४ च्या जूनमध्ये रिकाम्या घरांचं प्रमाण ०.०७ टक्के होतं, म्हणजे दहा हजार घरांत सात. आम्ही गेलो तेव्हा एका घराच्या बघण्याला जिन्यापासून रस्त्यापर्यंत रांग, हातात प्रत्येकाच्या फाइल. फाइलमध्ये तिथल्या कर्जवसुली कार्यालयाचा दाखला मागतात की तुमच्या नावावर थकबाकी नाही, तो नवीन माणसाकडे काय असणार? त्याऐवजी कंपनीचं पगाराचं पत्र आणि इथल्या घरमालकाचं इंग्रजी पत्र जोडा, माझं त्यावरच काम झालं. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं, ते तुमच्याच नावाच्या बंद खात्यात राहतं. म्हणजे साडेसात-आठ हजार फ्रँक पहिल्याच महिन्यात अडकतात. फ्रँक शंभर रुपयांच्या वर आहे, हिशोब करा. श्लीरेन, डीटिकोन, ड्युबेनडोर्फ असं जरा बाहेर बघा, रेल्वेने पंधरा-वीस मिनिटं.

आणि घरात शिरताना जो कागद भरतात त्यात एकूण एक ओरखडा लिहा, फोटो काढा. आम्ही घर सोडलं तेव्हा घर तपासायला आलेल्या बाईंनी शॉवरच्या काचेवर बोट फिरवलं, बोटाला पाण्याच्या क्षाराची पांढरी पावडर लागली, ती मला दाखवली आणि म्हणाल्या पुन्हा साफ करा. बायको आणि मी रात्री अकरापर्यंत व्हिनेगर लावून घासत बसलो होतो. ओव्हनचा ट्रे पण.

बासेलकर

आरोग्य विम्याबद्दल माझं ऐका. आल्यापासून ३ महिन्यांच्या आत घ्यायचा असतो, म्हणून लोकांना वाटतं अजून वेळ आहे आणि ते थांबतात. पण तो आल्याच्या तारखेपासूनच लागू धरतात. मी दहाव्या आठवड्यात घेतला आणि तिघांचं तीन महिन्यांचं बिल एकदम आलं, अडीच हजारांच्या वर. त्या महिन्यात घरून पैसे मागवावे लागले होते मला, आईच्या एफडीतून. पहिल्या आठवड्यातच घेऊन टाका. आणि फ्रँचाइज म्हणजे वर्षाला आधी स्वतः भरायची रक्कम ती २५०० च घ्या, हप्ता खूप कमी बसतो.

झुरिकला१२वर्षं

विम्याची घाई करा हे बरोबर, पण २५०० सरसकट सांगू नका. सगळ्यात कमी ३०० ऐवजी २५०० घेतली तर वर्षाला फारतर १५४० फ्रँक वाचतात, कायद्यातच तेवढी मर्यादा आहे. पण आजारी पडलात तर २२०० जास्त जातात. ताई, तुम्हाला किंवा मिस्टरांना काही कायमचं औषध आहे का?

बासेलकर

अहो मी आठ वर्षं २५०० वर आहे, एकदाही तोटा झाला नाही.

झुरिकला१२वर्षं

तुम्ही आजारी पडला नाहीत म्हणून. माझ्या मिसेसचं गुडघ्याचं निघालं त्या वर्षी पूर्ण २५०० गेले आणि वर उरलेल्या बिलाचे दहा टक्के, वर्षाला ७०० पर्यंत. आपलं वर्ष चांगलं गेलं म्हणून दुसऱ्याला तोच सल्ला देणं मला पटत नाही.

मनीषनगरकर

भांडू नका प्लीज. मला थायरॉईडची गोळी आहे, दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. मिस्टरांना काही नाही. वर्षभराच्या गोळ्या इथूनच घेऊन जाणार होते.

झुरिकला१२वर्षं

नका. स्वतःसाठी साधारण एक महिन्याचं औषध आणायला परवानगी असते. डॉक्टरांचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन आणि जुने रिपोर्ट आणा, इथला डॉक्टर लिहून देतो. खर्च काढून बघा, पण इतर काही आजार नसला तर फक्त थायरॉईडच्या तपासण्यांनी साधारण दोन हजारांचा टप्पा, जिथून ३०० ची फ्रँचाइज परवडायला लागते, तो गाठला जात नाही, तेव्हा २५०० पण चालू शकेल, इथे बासेलकरांचं बरोबर ठरू शकतं. तुम्ही आठवड्याला ८ तासांहून जास्त नोकरी करणार म्हणून तुमचा अपघात विमा कंपनीकडे असतो, आरोग्य विम्यातून तो भाग काढायला सांगा, हप्ता कमी होतो. मिस्टरांचा मात्र काढू नका. दात यात येत नाहीत. दातांची सगळी कामं नागपुरात, धंतोलीत उरकूनच विमानात बसा, हे मी हात जोडून सांगतो.

वऱ्हाडी_माणूस

लेकीले तूप द्या बांधून. आणि सावजी मसाला.

पाटणकर_चौक

काका, मसाला चालतो, तूप नाही. युरोपाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात तूप, खवा, पेढे सगळं आलं. संत्रा बर्फी पण खव्याची असली की नाही. संत्रीसुद्धा प्रमाणपत्राशिवाय नाही. सांडगी मिरची, मेतकूट, कोरडे मसाले, डाळी भरपूर न्या. तूप तिथे लोणी आणून घरी कढवता येतं, लोणी फार छान असतं तिथलं. कुकर मात्र इंडक्शनच्या बुडाचाच घ्या. बऱ्याच घरांत गॅस नसतो, काचेची शेगडी किंवा इंडक्शन, आणि आपला साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. आमचा दोन वर्षं कपाटात पडून होता.

तेलंगखेडी

सावजी मसाला कोणता चांगला? इतवारीत मिळतो तो की घरी करता? रेसिपी टाका ना.

बजाजनगर७८

त्यासाठी वेगळा धागा काढा हो.

सीए_धंतोली

निघण्याआधीची इथली कामं. बँकेला कळवून सेव्हिंग खातं एनआरओ (एनआरआयच्या इथल्या कमाईचं खातं) करून घ्या, बाहेरचा पगार पाठवायला एनआरई खातं वेगळं उघडा. पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालतं, नवीन मात्र उघडता येत नाही. मनीषनगरचा फ्लॅट स्वतःचा असेल आणि भाड्याने देणार असाल तर भाडेकरूला सांगून ठेवा की मालक एनआरआय झाल्यावर भाड्यातून टीडीएस त्याला कापावा लागतो, मग ऐन वेळी वाद होत नाहीत. फ्लॅटसाठी आणि बँकेसाठी विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र इथेच नोंदवून जा. मागून करायचं म्हटलं तर त्यासाठी बर्नच्या दूतावासाच्या चकरा. आणि इथलं सिम बंद पडू देऊ नका, ओटीपी त्यावरच येतात. कित्येक क्लायंट नंबर बंद करून गेले आणि आधार-बँक सगळंच अडलं.

पाटणकर_चौक

तिकीट नागपूर ते झुरिक एकच काढा. नागपूर-मुंबई वेगळं काढलं तर देशांतर्गत १५ किलोच देतात आणि बाकी सामानाचे पैसे भरा.

मनीषनगरकर

खूप खूप आभार सगळ्यांचे, सगळं वहीत लिहून घेतलं. आता अजून दोन गोष्टी. मिस्टर तिथे काम करू शकतात का? आणि सासूबाई इथे एकट्या राहणार, ७१ वय, शुगर आहे. वऱ्हाडी काकांचं वाचून रात्री खूप वेळ जागी होते.

बासेलकर

तुमचं बी परमिट झालं आणि ते कुटुंब म्हणून आले की वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं. पण जोडीदाराच्या अर्जाला जर्मन ए१ (भाषेची सगळ्यात पहिली पातळी) किंवा कोर्सला नाव घातल्याचा पुरावा मागू शकतात. आजच ऑनलाइन क्लासला बसवा. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात परीक्षा होते. सिव्हिलमध्ये काम हवं असेल तर जर्मन नीट यायलाच लागेल, ए१ वर नाही भागत. म्हणून पहिलं वर्ष एका पगाराचं धरूनच हो म्हणा.

वऱ्हाडी_माणूस

ताई, मी भ्याव दाखवाले नव्हतं लिहिलं. मी कुठं राहतो ते विचारू नका पण मनीषनगर लांब नाही. सासूबाईंसाठी एक काम करा. त्यांच्या डॉक्टरचा, लॅबवाल्याचा, औषधाच्या दुकानाचा आणि शेजारच्या एका माणसाचा नंबर मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा. हॉस्पिटलचा कॅशलेस विम्याचा कागदही तिथंच. आमच्याकडे त्या रात्री कागद शोधण्यात पाऊण तास गेला होता.

मनीषनगरकर

काका, आजच लावते. शुक्रवारी हो कळवते आहे. मी १ जूनला, मिस्टर आणि मुलगी परमिट झालं की, जुलैअखेरपर्यंत तरी. एक शेवटचं, किंडरगार्टनला मुलं खरंच एकटी चालत जातात का? व्हिडिओत बघितलं.

झुरिकला१२वर्षं

जातात. तुमचा पत्ता महापालिकेच्या कार्यालयात १४ दिवसांच्या आत नोंदवला की शाळाच कळवते कोणतं किंडरगार्टन ते, बहुतेक चालत जाण्याच्या अंतरावरचं. गळ्यात अडकवायचा चमकणारा त्रिकोणी पट्टा देतात, लांबूनच गाडीवाल्याला दिसतो. पहिले काही आठवडे मिस्टरांनी सोबत जायचं, मग कोपऱ्यापर्यंत, मग दारातून बघायचं. माझी मुलगी तिसऱ्या आठवड्यात म्हणाली होती, बाबा तू आता इथेच थांब.

मनीषनगरकर

बघते. ती अजून सासूबाईंचं बोट सोडत नाही.