हायल्युरॉनिक अ‍ॅसिड आणि व्हिटॅमिन सी सीरम: नागपूरच्या कोरड्या हवेत कसे वापरावे?

अबोली

नमस्कार. मी नागपुरात राहते आणि कार्यालयात दुचाकीने जाते-येते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ चेहऱ्यावर ऊन लागतेच. माझी त्वचा मूळची कोरडी आहे आणि मुरुमे बरी झाल्यावर गालांवर राहिलेले तपकिरी डाग लवकर जात नाहीत. सध्या माझ्याकडे दोन सीरम आहेत, एक हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे आणि दुसरे वीस टक्के व्हिटॅमिन सीचे. पहिले लावल्यावर चेहरा तुकतुकीत दिसतो, पण कार्यालयातल्या एसीत थोडा वेळ बसले की तो आधीपेक्षाही अधिक ओढल्यासारखा होतो. दुसरे सीरम आणले तेव्हा पाण्यासारखे स्वच्छ होते, आता ते गडद केशरी झाले आहे आणि लावताना चुरचुरते.

ही दोन्ही एकत्र लावावीत का, लावायची असल्यास आधी कोणते, आणि रंग बदललेली बाटली वापरण्याजोगी असते का, हे जाणकारांनी सांगावे. आमच्याकडे संत्र्याच्या सालीची पूड घरोघरी असते. व्हिटॅमिन सीसाठी तीच पुरेशी आहे, असे आई म्हणते, तर शेजारच्या काकू लिंबू चोळायला सांगतात. शेवटचा प्रश्न सासूबाईंसाठी आहे. त्यांच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आहेत. एका ओळखीच्या बाईंनी दिलेल्या मलमाने ते बरेच उजळले होते, परंतु मलम थांबवले की चेहरा लाल होतो आणि आग होते. त्यांना मलमाऐवजी माझे सीरम देऊ का?

मूलद्रव्य

अबोलीताई, सौंदर्यप्रसाधने तयार करण्याच्या क्षेत्रात माझे काम आहे, म्हणून रसायनांच्या बाजूने उत्तर देतो. सासूबाईंच्या मलमाबद्दल मात्र त्वचारोगतज्ज्ञांनीच बोलावे.

हायल्युरॉनिक अ‍ॅसिड हा आपल्या शरीरातलाच पदार्थ आहे. 1934 साली कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी तो गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून वेगळा केला. माणसाच्या शरीरातील त्याचा जवळपास निम्मा साठा त्वचेत असतो आणि तेथे तो पाणी धरून ठेवतो. येथवर सर्व खरे आहे, पण यावरून बाटलीतले हायल्युरॉनिक अ‍ॅसिड त्वचेच्या खोल थरात जाऊन तोच साठा भरून काढते, असे जे सुचवले जाते ते मला पटत नाही. साधारणपणे पाचशे डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) मोठे रेणू निरोगी त्वचेच्या बाहेरच्या थरातून सहज आत शिरत नाहीत, आणि सीरममधल्या मोठ्या हायल्युरॉनिक रेणूचे वजन दहा लाख डाल्टनच्या घरात असू शकते. तुकडे करून लहान केलेला रेणू थोडा आत जातो, तरीही त्याचे मुख्य काम वरच्या थरात पाणी धरण्याचेच आहे. ते काम उपयोगाचे आहे, कारण ओलावा मिळाला की बारीक रेषा कमी दिसतात आणि त्वचा मऊ लागते. डागांवर मात्र त्याचा परिणाम होत नाही, म्हणून ती अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

चेहरा ओढल्यासारखा का होतो, याचे उत्तरही यातच आहे. हा पदार्थ पाणी धरतो, पण ते उडून जाण्यापासून अडवत नाही. नागपूरच्या हिवाळ्यात आणि एसीच्या खोलीत हवा इतकी कोरडी असते की वर झाकण नसेल तर ते पाणी पाहता पाहता उडते आणि मागे त्याचा सुकलेला पातळ पापुद्रा राहतो. चेहरा धुतल्यावर पूर्ण न पुसता ओलसर असतानाच दोन-तीन थेंब लावावेत आणि लगेच वर मॉइश्चरायझर लावावे. ग्लिसरीन, सिरॅमाइड, पेट्रोलेटम किंवा डायमेथिकोन असलेले मॉइश्चरायझर यासाठी चांगले. साध्या ग्लिसरीनयुक्त क्रीमनेच तुमचा कोरडेपणा जात असेल, तर हायल्युरॉनिक सीरम मुळीच नसले तरी काही बिघडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हिटॅमिन सीची गोष्ट उलटी आहे. त्याचा मूळ रेणू, म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, केवळ 176 डाल्टनचा आहे, पण तो पाण्यात विद्युतभारित होतो आणि तसा असताना त्वचेत शिरत नाही. ड्यूक विद्यापीठातील शेल्डन पिनेल यांच्या गटाने 2001 साली डुकराच्या त्वचेवर केलेले प्रयोग यासाठी पाहावेत. द्रावणाचा पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता अधिक) 3.5 पेक्षा कमी असेल तरच ते नीट आत जाते, वीस टक्क्यांपुढे प्रमाण वाढवून लाभ वाढत नाही, आणि एकदा त्वचेत साठा झाला की तो निम्मा व्हायला सुमारे चार दिवस लागतात, असे त्यांना आढळले. म्हणून एखाद्या दिवशी सीरम लावायचे राहिले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावण्याचे कारण नाही. तुमची चुरचुर या आम्लतेमुळे होत असणार. कोरड्या त्वचेला दहा ते पंधरा टक्के पुरतात, आणि तेही सोसत नसतील तर सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट किंवा इथाइल अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडसारखी सौम्य रूपे आहेत. त्यांच्यामागे मूळ रेणूइतका पुरावा नाही, परंतु ती अधिक टिकतात.

गडद केशरी झालेली बाटली टाकून द्यावी. हवा, प्रकाश, उष्णता आणि धातूंचे सूक्ष्म अंश यांमुळे हा रेणू बाटलीतच ऑक्सिडाइझ होतो, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन निकामी होतो. त्यातून पुढे तयार होणाऱ्या पदार्थांपैकी काही त्वचेला पिवळसर छटा देतात, आणि डाग घालवण्यासाठी घेतलेल्या सीरमने हे व्हावे हे कुणालाच नको असते. किंचित पिवळेपणा चालतो, तपकिरीकडे झुकलेला रंग नको. यापुढे घेताना लहान बाटली घ्यावी, शक्यतो गडद काचेची किंवा हवा आत न शिरणाऱ्या पंपाची, आणि तिच्यावरची उत्पादनाची तारीख वाचूनच घ्यावी. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जात असताना ती फ्रीजमध्येच ठेवावी. फेरुलिक अ‍ॅसिड आणि व्हिटॅमिन ई सोबत असलेले सूत्र मला अधिक विश्वासार्ह वाटते. पंधरा टक्के सी, एक टक्का ई आणि अर्धा टक्का फेरुलिक अ‍ॅसिड या मिश्रणाचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यात फेरुलिक अ‍ॅसिड घातल्याने द्रावण अधिक स्थिर राहिले आणि उन्हापासून मिळणारे संरक्षण चारपटीवरून आठपटीवर गेले.

सकाळी व्हिटॅमिन सी आधी, मिनिटभराने हायल्युरॉनिक, मग मॉइश्चरायझर आणि शेवटी सनस्क्रीन, असा क्रम ठेवावा. मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड वापरत असाल तर ते रात्री लावावे, कारण ते व्हिटॅमिन सीला ऑक्सिडाइझ करते.

मुचकुंदी

वरील प्रतिसादात थोडी भर घालते. आम्ही रत्नागिरीकडचे, आमच्याकडे पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा असतो की हायल्युरॉनिकवर जाड क्रीम लावले तर चेहरा चिकट होतो आणि घामोळ्यासारखे पुरळ येते. त्यामुळे इंटरनेटवरचा एकच क्रम सगळ्यांनी पाळण्यात अर्थ नाही. मी जून ते सप्टेंबर फक्त हलके जेल वापरते.

संत्र्याच्या सालीबद्दल सांगायचे तर उन्हात वाळवताना तिच्यातले बरेचसे व्हिटॅमिन सी नष्ट होते, आणि जे उरते ते पुडीच्या रूपात त्वचेत शिरत नाही. ती खरखरीत पूड चोळल्याने कोरडी त्वचा सोलवटते, एवढे मात्र नक्की होते. आईंना दुखावू नका, पण चेहऱ्यावर घासू नका. लिंबू तर नकोच. त्यात मुख्यतः सायट्रिक अ‍ॅसिड असते, शिवाय लिंबू लावून उन्हात गेल्यास त्यातल्या फ्युरोकुमारिन नावाच्या द्रव्यांमुळे त्वचा भाजल्यासारखी होऊन पुढे काळे डाग पडू शकतात. तुम्ही दुचाकीवर असता, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

कृष्णाकाठ

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. आधी सासूबाईंविषयी, कारण या धाग्यातला तोच भाग तातडीचा आहे.

लावल्यावर झपाट्याने उजळणारे आणि थांबवले की लाली व आग आणणारे मलम म्हटले की आमच्या मनात पहिली शंका स्टिरॉइडची येते. हायड्रोक्विनोन (डाग उजळवणारे द्रव्य), ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन एचे एक रूप) आणि स्टिरॉइड यांचे एकत्रित मलम वांगावर वैद्यकीय देखरेखीखाली, मर्यादित काळासाठी दिले जाते, पण तेच हातोहात फिरते आणि लोक ते वर्षानुवर्षे गोरेपणाच्या क्रीमसारखे लावत राहतात. त्यातून त्वचा पातळ होते, गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, मुरुमे येतात. 2018 मध्ये केंद्र शासनाने अशी अनेक स्टिरॉइडयुक्त मलमे अनुसूची एचमध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरीही ती मिळत राहतात हे आम्ही रोज पाहतो. कृपया त्या मलमाची नळी घेऊन सासूबाईंना त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे. ते कसे थांबवायचे हे तपासल्यावरच ठरवता येते. तोपर्यंत व्हिटॅमिन सीसारखे आम्लधर्मी काहीही त्यांच्या चेहऱ्यावर लावू नये. नाजूक झालेल्या त्वचेची त्याने आणखी आग होईल.

आता तुमचे डाग. व्हिटॅमिन सी टायरोसिनेज या एन्झाइमच्या कामात अडथळा आणून मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, कमी करते, पण हा परिणाम सौम्य असतो आणि दिसायला काही महिने लागतात. सनस्क्रीनशिवाय तो दिसतच नाही, कारण आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत डाग टिकवण्याचे मोठे काम ऊन करते. एसपीएफ किमान 30 असावा, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे आणि बाहेर राहणे झाले तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. वांगासाठी आणि मुरुमांच्या डागांसाठीही लोहाचे ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक चांगले, कारण अतिनील किरणांखेरीज दृश्य प्रकाशही आपल्या त्वचेत रंग वाढवतो आणि साधे सनस्क्रीन तो पुरेसा अडवत नाही. हेल्मेटच्या आत ओढणी किंवा रुमाल बांधण्याची सवय असेल तर ती सोडू नका. ते उत्तम संरक्षण आहे.

नवे मुरूम येत असतील तर आधी त्यांवर उपचार घ्यावेत, नाहीतर एक डाग फिका होईपर्यंत दुसरा तयार होतो.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंची उद्याची वेळ घेतली आहे आणि मलमाची नळी पिशवीत ठेवली आहे. एक शंका राहिली. नवे सीरम आणल्यावर ते सोसते की नाही हे आधी कसे पाहावे, आणि माझ्या वहिनी गरोदर आहेत, त्यांनी ही दोन्ही सीरम वापरली तर चालेल का?

कृष्णाकाठ

कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे एकाच जागी दिवसातून एकदा असे सलग काही दिवस लावून पाहावे. खाज, पुरळ किंवा टिकून राहणारी लाली आली तर चेहऱ्यावर नेऊ नये. लावल्यावर क्षणभर जाणवणारी चुणचुण वेगळी, ती आपोआप शमते. चेहऱ्यावर सुरुवात एक दिवसाआड करावी.

गरोदरपणात ही दोन्ही सीरम सामान्यतः सुरक्षित मानली जातात. वहिनींनी टाळायची ती रेटिनॉल आणि ट्रेटिनॉइन ही व्हिटॅमिन एची रूपे, म्हणून त्यांनी बाटलीवरची घटकद्रव्यांची यादी पूर्ण वाचावी, कारण काही व्हिटॅमिन सी सीरममध्ये रेटिनॉलही मिसळलेले असते. गरोदरपणात वांग येणे नेहमीचे आहे आणि बाळंतपणानंतर ते पुष्कळदा फिके होते, तेव्हा त्यासाठी त्यांनी आत्ता फक्त सनस्क्रीन लावावे.