हेवी लायसन्स: स्कूलमधून काढायचं की उस्तादाच्या हाताखाली राहून? (भाचा ऐकत नाहीये)

ऐरोलीचा मामा:
मंडळी, भांडायचंच आहे म्हणून धागा काढतोय. भाचा २२ वर्षांचा, बारावी झालाय, कारचं लायसन्स काढून दोन वर्षं झाली, सध्या स्कूटरवर दिवसभर पार्सल वाटतो. आता डोक्यात घेतलंय की न्हावा शेवाच्या बंदरात ट्रेलर चालवणार, नाहीच जमलं तर बस. धंद्याला माझी ना नाही, स्टिअरिंगवर किती जणांची घरं उभी राहिलीत आपल्याकडे. माझं भांडण वेगळंय. तो एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चौकशी करून आला, तिथल्या माणसाने सांगितलं लर्निंग काढू, महिन्याने ट्रायल, पाच नंबरचा फॉर्म, म्हणजे ट्रेनिंग झाल्याचं सर्टिफिकेट, आमचं, रोज नाही आलास तरी चालेल. पोरगं खूश. अरे नियमात हेवीला कमीत कमी ३० दिवस ट्रेनिंग आणि त्यात हातात स्टिअरिंग १५ तास लिहिलंय, तेच मुळात कमी, आणि हा तेवढंही द्यायला तयार नाही, नुसतं सर्टिफिकेट विकतोय. माझं म्हणणं, आधी वर्षभर चांगल्या उस्तादाकडे, म्हणजे जुन्या ड्रायव्हरकडे, क्लिनर म्हणून राहा, गाडी म्हणजे काय ते कळू दे, मग काढ लायसन्स. घरात मला सगळे जुन्या जमान्याचा म्हणतायत. बोला.

कळंबोली चौदा टायर:
मामा शंभर टक्के बरोबर. मी १९ वर्षं ट्रेलरवर आहे, त्यातली पहिली तीन क्लिनर. स्कूलवाल्यांकडे एक जुनी सहा टायर असते, ती रिकाम्या रस्त्यावर पुढे-मागे केली की झालं, ट्रायल पास. आणि त्याच कार्डावर दुसऱ्या दिवशी चाळीस फुटी कंटेनर घेऊन निघायला पोरगं मोकळं. आता गंमत बघा, साध्या ट्रकला रिव्हर्समध्ये स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की मागचा भाग उजवीकडे जातो, ट्रेलरला उजवीकडे फिरवलं की मागचा भाग डावीकडे जातो. हे ऐकायला एक मिनिट लागतं, हाताला कळायला सहा महिने. आणि कंटेनरच्या चार कोपऱ्यांचे लॉक, ते लागलेत का हे खाली उतरून हाताने बघायचं असतं, एक जरी सुटा राहिला तर वळणावर डबा खाली आणि शेजारून कोण चाललाय त्याचं नशीब. कुठल्या स्कूलमध्ये शिकवतात हो हे? माझ्या उस्तादाने पहिले चार महिने मला फक्त टायर वाजवायला लावले. टॉमीने, म्हणजे लोखंडी सळीने. आवाजावरून सांगायचं कुठला हवा जाऊन बसलाय.

स्टिअरिंग सोडलं:
उस्तादांचं कौतुक चाललंय म्हणून लिहितो. मी बसवर २२ वर्षं काढली, शेवटची सहा नवीन ड्रायव्हरांना शिकवण्यात गेली. माझ्याकडे यायचे त्यातले निम्मे असल्या उस्तादांच्या हाताखालचेच, आणि त्यांचं शिकलेलं पुसण्यात माझा अर्धा वेळ जायचा. सगळ्यात मोठा रोग म्हणजे उतारावर न्यूट्रल. "डिझेल वाचतं, मालक खूश होतो." उस्तादाने शिकवलेलं असतं ना, मग ते देवाचं वाक्य. आता न्यूट्रल टाकलं की इंजिनने जी गाडी धरून ठेवलेली असते ती सुटली, सगळा भार ब्रेकवर, ड्रम तापले की लायनर धरतच नाही, वर इंजिन मंद चालतंय म्हणजे कॉम्प्रेसर हवा सावकाश भरतोय आणि हा पायाने धडाधड हवा संपवतोय. बोरघाटात खाली येताना हे होतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात "ब्रेक फेल" छापून येतं. ब्रेक फेल नाही हो झाला, ब्रेक वापरून संपवला.

आणि चौदा टायरवाले दादा, रागावू नका पण एक विचारतो. तीन वर्षं क्लिनर होतात तेव्हा रात्री उस्ताद झोपल्यावर गाडी कोण चालवायचं?

कळंबोली चौदा टायर:
मी. खोटं कशाला बोलू. १८ वर्षांचा होतो, लायसन्स तर सायकलचं पण नव्हतं. पण शिकलो ना.

स्टिअरिंग सोडलं:
तुम्ही शिकलात कारण तुम्ही वाचलात. जो नाही वाचला तो इथे लिहायला येणार नाही. ट्रान्सपोर्ट, म्हणजे धंद्याच्या गाडीला २० वर्षं वय आणि त्याआधी हलक्या गाडीचं लायसन्स एक वर्ष जुनं, हे कायद्यातच आहे, कोणी तरी विचार करूनच घातलंय. १८ वर्षांचं पोर रात्री दोनला भरलेली गाडी चालवतंय, लर्निंगसुद्धा नाही, उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिलं लायसन्स मागतो आणि मग मालकाने नाही तर त्या पोराच्या बापाने जमीन विकायची. मामा, वर्षभर क्लिनर म्हणजे प्रत्यक्षात हेच होतं. तुम्हाला वाटतं तो शेजारी बसून बघत बघत शिकेल. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या हातात स्टिअरिंग देऊन उस्ताद मागे आडवा झालेला असतो.

तळोजा गाडीमालक:
माझ्या ११ गाड्या आहेत, मालकाचं पण ऐका. मी लायसन्सचं कार्ड आधी ऑनलाइन चेक करतो, कारण डुप्लिकेट कार्ड घेऊन येणारे भेटलेत मला. मग चावी देतो आणि लांब उभा राहतो. जो सरळ दरवाजा उघडून वर चढतो त्याला चहा पाजून परत पाठवतो. जो गाडीला एक फेरी मारतो, खाली वाकून बघतो, एअर टँकचं पाणी सोडतो, चालू केल्यावर हवेचा काटा वर येईपर्यंत थांबतो, तो माझा माणूस. हे स्कूलवाल्या पोरांना येत नाही हे खरं आहे. पण उस्तादवाल्यांना येतं आणि ते करत नाहीत, हेही खरं आहे. ड्रायव्हर मिळत नाहीत आजकाल, दोन गाड्या उभ्या आहेत माझ्या, पण म्हणून नवख्याला मी भरलेली गाडी देणार नाही. तीन वर्षं अनुभव पाहिजे.

दिघा नाका:
साहेब, तुम्ही मालक लोक सगळे तीन वर्षं अनुभव मागता, मग पहिली तीन वर्षं कोण देणार, तुमच्या गाडीवर शिकायचं नाही, स्कूलवर तुमचा विश्वास नाही, मग पोराने आभाळात शिकायचं का? आणि "ड्रायव्हर मिळत नाहीत" हे रडगाणं बंद करा. ट्रिपवर पैसे देता, गाडी यार्डाबाहेर दीड दिवस लाईनीत उभी राहिली तर त्याचे किती देता ते लिहा ना इथे. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा २०२५ पर्यंत होता, त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ लिहिलेलं होतं, आहे का तुमच्या ११ गाड्यांवर एक तरी माणूस आठ तासवाला?

तळोजा गाडीमालक:
लाईनीचे रोजचे ठरलेले देतो. आठ तासवाला नाही, खोटं बोलणार नाही. तुम्ही एक गाडी घेऊन बघा, हप्ता भरा, मग बोलू.

दिघा नाका:
हप्ता तुमचा, झोप त्याची.

घणसोलीची वहिनी:
मध्येच बोलते. माझे मिस्टर टँकरवर आहेत. ४२ वय, शुगर निघाली दोन वर्षांपूर्वी. दर वेळेस लायसन्सला डॉक्टरचा १-अ फॉर्म लागतो, तो डॉक्टरने मान वर न करता सही करून दिलाय. जेवण रात्री बाराला नाही तर थेट सकाळी. मुलगा काय शिकतो, कुठे शिकतो ते तुम्ही ठरवा, पण त्याला आधी एकदा डोळे आणि रक्त खरंखुरं तपासून घ्या, कागदासाठी नाही. आणि एक सांगते, केमिकलच्या गाडीला तीन दिवसांचा वेगळा कोर्स असतो, त्याशिवाय ती गाडी चालवता येत नाही, आणि तिथे एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणं नियमातच आहे. यांना त्याचा फायदा झाला, यांच्याबरोबरचे काही जण त्याच्यावरच अडकले. बारावी झालेल्या पोराने हे लक्षात ठेवावं.

ठाणे पश्चिम सिग्नल:
वहिनींचं वाचून आठवलं, साध्या ट्रान्सपोर्टला पूर्वी आठवी पासची अट होती ती २०१९ ला काढूनच टाकली. मला अजून पटत नाही. घोडबंदरला रोज बघतो, बोर्डावर अवजड वाहनांना बंदीची वेळ मोठ्या अक्षरात लिहिलेली असते आणि त्याच्याच खाली कंटेनर उभा.

कळंबोली चौदा टायर:
वाचता येतं हो साहेब आम्हाला. वेळ पण कळते. बंदराचं गेट सुटायची वेळ आणि तुमची बंदीची वेळ एकच येते त्याला आम्ही काय करू, गाडी खिशात घालून फिरू? मी स्वतः सातवी आहे. अट धरून बसलो असतो तर १९ वर्षं घरीच असतो. गाडी वहीवर चालत नाही.

जुईनगर बस स्टॉप:
बसबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, ठेकेदाराकडून इलेक्ट्रिक बसवर आहे. बसला हेवी झालं म्हणजे झालं असं नाही, वरून प्रवासी गाडी चालवायचा बॅज लागतो, त्याला पोलिसांचं चारित्र्याचं सर्टिफिकेट, त्यात वेळ जातो. आणि ट्रकवाल्यांनी मनात आणू नये की बस सोपी. ट्रकमधलं लोखंड पडत नाही, बसमधली आजी पडते. डिसेंबर २०२४ ला कुर्ल्याला इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसून माणसं गेली त्यानंतर सगळीकडे एकच प्रश्न होता, ड्रायव्हरला त्या गाडीचं ट्रेनिंग किती दिवस. क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही, आणि पाय ठेवला की उडी मारते. वीस वर्षं क्लचवर घालवलेल्या माणसाचा डावा पाय रिकामा होतो ना, त्याला काय करायचं कळत नाही. इथे उस्ताद काय शिकवणार, उस्तादानेच ही गाडी पाहिलेली नाही. म्हणून मी स्कूलच्या बाजूने, पण खऱ्या स्कूलच्या. २०२१ पासून मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरचे नियम आलेत, हेवीला सहा आठवडे, ३८ तास, सिम्युलेटर, ट्रॅक. १५ तासवाल्यापेक्षा ते कितीतरी बरं. लांब असलं तरी राहून करावं.

स्टिअरिंग सोडलं:
हे बोललात ते लाखातलं. मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी स्टिअरिंग द्यायचोच नाही. शेवटच्या सीटवर बसवायचो, मागच्या चाकाच्याही मागे, आणि मी स्वतः मुद्दाम दोन स्पीडब्रेकर जोरात घ्यायचो. डोकं वर आपटलं की आयुष्यभर लक्षात राहतं मागे माणसं बसलीत ते.

कळंबोली चौदा टायर:
हाहा, म्हणजे तुम्ही पण उस्तादच की! स्कूलच्या सिलॅबसमध्ये कुठे लिहिलंय डोकं आपटायचं?

स्टिअरिंग सोडलं:
फरक आहे. माझ्याकडे येणाऱ्याच्या खिशात लायसन्स असायचं आणि मी झोपायचो नाही.

कोपरखैरणे टेम्पो:
तुम्ही सगळे दोनच टोकं धरून बसलात, मधला रस्ता कोणाला दिसत नाही का. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच जजच्या बेंचने निकाल दिलाय, साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. गाडी प्लस माल मिळून ७५०० हं, नुसता माल नाही, तिथे लोक गल्लत करतात. मामा, भाच्याचं कारचं लायसन्स दोन वर्षं जुनं आहे ना? मग त्याला आज छोटा टेम्पो, पिकअप कायद्याने चालवता येतो, पगार घेऊन, इन्शुरन्ससकट. मी तसाच सुरू झालो. पहाटे तीनला तुर्भ्याला एपीएमसीत भाजीच्या गाड्यांच्या गर्दीत रिव्हर्स लावायला शिकलात की तुम्हाला जगात कुठेही लावता येतं, तिथे जागा देत नाहीत लोक, शिव्या देतात आणि शिव्यांनी माणूस फार लवकर शिकतो. माल कसा बांधायचा, भार मागे गेला की पुढचं हलकं कसं पडतं, मालाबरोबर लागणारं ई-वे बिल काय, नाक्यावर बोलायचं कसं, सगळं येतं. एवढं करून मग हेवीला जायचं. ना रात्री चोरून चालवायला लागत, ना कोणाचं सर्टिफिकेट विकत घ्यायला लागत.

कळंबोली चौदा टायर:
टेम्पोवाला ट्रेलरवर आला की टेम्पोसारखाच कट मारतो, पहिल्या वळणावर मागची चाकं फुटपाथवर. तेवढं सोडून बरोबर बोलला.

तळोजा गाडीमालक:
टेम्पोवर वर्ष काढलेलं आणि एकही ठोकर नाही असा पोरगा आला तर मी तीन वर्षांचा हट्ट सोडेन. रिकाम्या गाडीवर जुना माणूस शेजारी देईन, यार्ड ते यार्ड, दिवसा. लिहून देतो हवं तर. नाक्यावाले, झालं समाधान?

दिघा नाका:
शेजारच्या जुन्या माणसाचा पण पगार द्या म्हणजे झालं.

ऐरोलीचा मामा:
वाचलं सगळं, भाच्याला पण दाखवलं. मी थोडा चुकलो हे कबूल, क्लिनर म्हणजे रात्री काय होतं ते मला माहीत नव्हतं, म्हणजे माहीत होतं पण आपल्या घरातल्या पोराच्या बाबतीत डोक्यात आलं नव्हतं. पण तो सर्टिफिकेटवाला स्कूल तर अजिबातच नको, ते मी सोडणार नाही. टेम्पोचं त्याला पटलंय, मला वाटतं शिव्यांचं ऐकून जास्त पटलं. मध्येच लर्निंग काढून ठेव म्हणतोय, मी सांगितलं ते सहा महिनेच चालतं, उगाच आधी काढून बसू नको. रक्त तपासायला उद्या घेऊन जातोय, वहिनी. तो विचारतोय की ट्रेलर एकदा जवळून बघायला मिळेल का, चालवायला नाही, नुसता बघायला.

कळंबोली चौदा टायर:
रविवारी सकाळी पाठवा, गाडी उभी असते माझी स्टील मार्केटजवळ. लॉक कसे लावतात दाखवतो आणि टॉमी हातात देतो, चौदा टायर वाजवून मला सांगायचं कुठला बसलाय. एक मी मुद्दाम कमी हवेचा ठेवतो. बूट घालून ये म्हणावं, चप्पल नको.

स्टिअरिंग सोडलं:
रविवारी मला पण वेळ आहे. येऊ का?

कळंबोली चौदा टायर:
या ना मास्तर. न्यूट्रलवर भांडू.