मुलगे ठोकळ्यांकडे, मुली भातुकलीकडे: हे उपजत की आपण शिकवलेलं?

बालवाडीताई_सातारा
साताऱ्यात 14 वर्षं बालवाडी चालवते आहे. यंदा 23 मुलं आहेत, त्यात 11 मुली. सकाळी दार उघडलं की मुलगे ठोकळ्यांच्या पेटीवर तुटून पडतात आणि बहुतेक मुली कोपऱ्यात भातुकली मांडतात. कुठे बसायचं हे मी कुणालाच सांगत नाही.

गेल्या महिन्यात एक मुलगा बाहुलीला मांडीवर घेऊन थोपटत होता. न्यायला आलेले आजोबा सगळ्यांसमोर म्हणाले, "बायल्या आहेस का रे?" पोराने बाहुली खाली टाकली, ती अजून हातात घेतलेली नाही. सव्वातीन वर्षांचं पोर आहे ते. मला फार लागलं.

मग मी वही घातली. घसरगुंडीपाशी 'सावकाश', 'पडशील', 'उतर खाली' असं कुणाला म्हटलं जातं, ते मोजायला मदतनीस मावशींनी माझ्या बोलण्याच्या आणि मी त्यांच्या बोलण्याच्या रेघा मारायच्या. दहा दिवसांत मुलींना 41, मुलग्यांना 17. त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्याच. मी भेदभाव करत नाही असं इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आले होते.

तर जाणकारांनी सांगावं, यात उपजत किती आणि आपलं किती?

बालरोग_नाशिक
ताई, उपजत काहीच नसतं असं मला म्हणवत नाही. जन्मजात अॅड्रिनल हायपरप्लेशिया नावाचा आजार आहे. त्यात मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना कॉर्टिसॉल नीट बनवता येत नाही आणि बाळाला पोटातच जास्त अँड्रोजन मिळतं, म्हणजे पुरुषी संप्रेरकं. अशा मुलींना मुलीसारखंच वाढवलं जातं, तरी त्या गाड्या-ठोकळ्यांशी इतर मुलींपेक्षा जास्त खेळतात. हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आईवडील उलट बाहुल्यांसाठी जास्त प्रोत्साहन देतात, तरीही. त्यामुळे तुमच्या कोपऱ्यातली भातुकली सगळी समाजानेच मांडली, असं समजू नका. अर्थात हा सरासरीचा हिशोब. समोरच्या एका मुलाला काय आवडेल, ते यावरून सांगता येत नाही.

मानसशास्त्र_शिकवते
वही जपून ठेवा! न्यूयॉर्कमध्ये 2000 साली झालेला एक प्रयोग तुमच्या घसरगुंडीसारखाच होता. 11 महिन्यांच्या रांगत्या बाळांसाठी कमी-जास्त करता येणारा उतार बनवला आणि तुमचं बाळ किती उतार उतरेल, असं आयांना विचारलं. मुलांच्या आयांचा अंदाज जास्त निघाला, मुलींच्या आयांचा कमी. प्रत्यक्षात उतरण्यात मुलगे-मुलींत फरकच नव्हता. मुलगी बोलायलाही लागलेली नसते, आणि तिला काय झेपणार नाही हे आपण ठरवून मोकळे होतो.

शिलाँगचा_मराठी
नोकरीमुळे सहा वर्षं शिलाँगला आहे. खासी लोकांत आडनाव आईचं आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं. इथे आणि टांझानियातल्या पुरुषप्रधान मसाई लोकांत एक प्रयोग झाला, तो 2009 साली प्रसिद्ध झाला. तीन मीटरवरून बादलीत चेंडू टाकायचा, दहा वेळा. प्रत्येक नेमाला ठरलेले पैसे घ्या, किंवा अनोळखी माणसाशी चुरस लावा आणि जिंकलात तर तिप्पट घ्या. मसाईंमध्ये 50 टक्के पुरुषांनी चुरस निवडली, बायकांपैकी 26 टक्क्यांनी. खासींमध्ये उलटं: बायका 54, पुरुष 39. 'बायकांना स्पर्धा नको असते' हे वाक्य मी तेव्हापासून सोडलं.
पण याला बायकांचं राज्य म्हणू नका. गावच्या दरबारात परंपरेने पुरुषच बसतात आणि घरात मामाचा शब्द चालतो.

बालवाडीताई_सातारा
सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुमचं म्हणणं मान्य. मुलींना भातुकलीची ओढ उपजत असेलही, मला ती मोडायची नाही. पण त्या पोराची ओढ बाहुलीकडेच होती, ती आजोबांच्या एका शब्दाने तुटली. आणि घसरगुंडीवरच्या माझ्या रेघा तर कुठल्याच संप्रेरकाने मारलेल्या नाहीत.

सोमवारपासून ठोकळ्यांची पेटी भातुकलीच्या शेजारी आणून ठेवली आहे. दोन मुलींनी चुलीभोवती भिंत रचली, एका मुलाने त्यात खोटी भाकरी थापली. रेघा अजून मारतोय. या आठवड्यात मुलींना 9, मुलग्यांना 8. जीभ चावत बसावं लागतं, एक मुलगी वरच्या पायरीवर उभी राहिली की अजूनही पोटात गोळा येतो.

बाहुलीपाशी तो मुलगा जात नाही. शनिवारी आजोबांना बोलावलंय. माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत आणि नातवावर जीव आहे त्यांचा, रोज दोन किलोमीटर चालत न्यायला येतात. त्यांचा अपमान न होता हे कसं सांगू? कुणी असं बोललं असेल तर शुक्रवारपर्यंत लिहा.